पेटीवरचा आकडा

मला भीती वाटली की मी चिडते. घरी सगळ्यांना हे माहीत आहे. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागले की आई ओट्यापासून बाजूला होते आणि विचारते, "आता कशाला भ्यालीस गं?" सत्त्याऐंशीच्या त्या मे महिन्यात मी इतकी चिडलेली होते की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये कुणी माझ्या वाटेला जात नव्हतं. चहावाल्या पोराला मी कप जास्त भरला म्हणून रागावले होते.

कारण नंदनवनातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी बनवलेली पेटी होती. त्या पेटीत दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेलं एक बाळ होतं. आणि पेटीवरचा आकडा उड्या मारत होता.

मे महिन्यातल्या नागपुरात बाळाला ऊब द्यायची पेटी, हे ऐकून लोक हसायचे. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय आणि ही बाई हीटर विकतेय, असं. पण एवढ्याशा जिवाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि गारही ठेवता येत नाही. कूलरचा झोत लागला तर ते गारठतं, झोत नसला तर आपल्यासारखं तापतं, आणि दोन्हीतून वाचण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. म्हणून त्याला आतल्या सावलीच्या खोलीत, काचेच्या झाकणाखाली, अगदी नेमक्या उबेत ठेवायचं.

ती नेमकी ऊब राखायचं काम माझ्या सर्किटचं. बाळाच्या पोटावर एक बारीक सेन्सर चिकटवलेला असतो. अंग जितकं गरम, त्याप्रमाणे त्याच्या तारेतलं व्होल्टेज बदलतं. एक चिप ते व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करते. तिला एडीसी म्हणतात. तो आकडा दुसरी चिप वाचते, ती मायक्रोकंट्रोलर. ती आकडा समोर लाल दिव्यांत दाखवते आणि त्यावरून हीटर लावायचा की बंद करायचा हे ठरवते. म्हणजे आकडा खोटा निघाला तर पेटी त्या खोट्यावर विश्वास ठेवणार, आणि आत झोपलेल्या पोराला भाजणार नाहीतर गारठवणार. एवढं कळलं की माझ्या त्या दिवसांतल्या आदळआपटीचं कारणही कळतं.

प्रसूतिगृह डॉक्टर सिंधूताईंचं. माझ्या आईच्या वयाच्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. त्यांनीच मला वर्षभरापूर्वी म्हटलं होतं, "बाहेरून मागवायची ऐपत नाही माझी. तू रेडिओ, टीव्ही, काय काय उघडून बसतेस, मग पेटी का नाही करत?" मी केली. हिवाळाभर ती शहाण्यासारखी चालली. मे उजाडला, प्रेमिलाचं बाळ तिच्यात गेलं आणि तिला हे वेड लागलं.

शेजारच्या दुकानात सिंधूताईंचा पहिला फोन आला तेव्हा त्या नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत, हळू बोलल्या.

"चारू, तुझी पेटी म्हणते पोराला ताप आहे. मग म्हणते, पोरगं गार पडलं. मी थर्मामीटर लावून पाहिला, पोरगं ठीक आहे. पण हीटर तिचंच ऐकतो ना!"

"ऑटोमॅटिक बंद करा. हीटर हातानं चालवा. मी येते," मी म्हणाले आणि रिसीव्हर असा आपटला की दुकानदारानं माझ्याकडे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासायला बसले तर आकडा पाषाणासारखा स्थिर. छत्तीस पूर्णांक चार. तास झाला तरी तोच. पाहुण्यांसमोर गुणी होणाऱ्या पोरासारखी पेटी माझ्यासमोर शहाणी झाली. मी वर्कशॉपमध्ये पोचले न पोचले तोच परत फोन: एकोणचाळीस, मग चौतीस, मग परत एकोणचाळीस. असं दोनदा झालं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की पेटीचं वेड दुपारचं आहे.

मग मी दुपारी जाऊन बसायला लागले. दाराशी रबरी सपाता ठेवलेल्या असत, सिंधूताईंसाठी आणि नर्ससाठी. एक जोड मला मिळाला. बाकीच्यांनी चपला बाहेर काढून अनवाणी यायचं. बाळाची आजी रुखमाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसलेली असे. उमरेडकडच्या एका गावातली शेतकरी घरातली बाई, नऊवारी, तोंडात सतत काहीतरी. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला की ती विचारी, "काहो बाई, झाली का दुरुस्त? का आमच्या नातवाले पेटीसंगं असंच नाचवता?"

"होईल," मी म्हणायची.

"होईन तं होईन, पण कवा? लगनाले सहा वर्सं झाली ह्यांच्या. सहा वर्सांनं हे एवढंसं हाती आलं."

मला तिचा राग यायचा. खरं म्हणजे ती जे बोलत होती तेच माझ्या डोक्यात चालू होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं. सहा वर्षांनी झालेलं पोर, आणि त्याचा जीव माझ्या हातच्या सोल्डरिंगवर टांगलेला. दुसरीकडे कुठे हलवायचं तर शहरात पेटी रिकामी नव्हती. सिंधूताईंनी सगळीकडे विचारून झालं होतं.

बाळाची आई प्रेमिला त्याच भिंतीपलीकडच्या खोलीत होती. बाळंतपण कठीण गेलेलं, चेहरा पिवळा पडलेला. दुपारी तिला दोन मिनिटं इकडे यायची परवानगी होती, आत हात घालायची नव्हती. ती येऊन पेटीच्या लोखंडी कडेवर बोटं टेकवायची, काचेतून बघायची, आणि गुपचूप निघून जायची. तिचा नवरा गोविंदा उंच, सावळा, हात शेतात राबलेले. दिवसभर काहीतरी आणत असायचा: बर्फ, नारळ, लांबच्या नळावरून पाण्याच्या बादल्या. मला पाहिलं की उठून उभा राहायचा. मी त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते.

तपासायच्या गोष्टी मी एकेक करून तपासल्या. पहिला संशय सेन्सरवर. एडीसीला आणखी मोकळी टोकं असतात. त्यातल्या एकाला मी साधा रेझिस्टर जोडला. रेझिस्टरला काही ताप येत नाही, त्याचा आकडा हलायचं कारण नाही. दुपारी तोही उड्या मारायला लागला. म्हणजे सेन्सर निर्दोष.

मग रेफरन्स. एडीसी ज्या व्होल्टेजशी ताडून मोजते ते, म्हणजे तिची पट्टी. पट्टीच आखूडलांब होत असेल तर माप चुकणारच. मीटर लावला, पट्टी जागच्या जागी होती.

मधेच एकदा वीज गेली. पेटीचं मोजणीचं सर्किट बॅटरीवर आलं आणि आकडा क्षणात शांत झाला. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. बॅटरीवर हीटर चालत नाही, म्हणजे खोड हीटरची! दुसऱ्या दुपारी सिंधूताईंनी बाळ कापसात गुंडाळून आजीच्या छातीशी दिलं, मी हीटरची तारच काढून टाकली, आणि आकड्याकडे बघत बसले. तो पूर्वीसारखाच नाचत होता. त्या दिवशी मी रिक्षात रडले, आणि रिक्षावाल्यानं "काय झालं ताई" विचारल्यावर त्याच्याच अंगावर खेकसले.

सगळ्यात भीती कशाची होती सांगू? पेटी बिघडल्याची नाही. बिघडलेली वस्तू मी आयुष्यभर उघडत आले. भीती याची होती की काहीच बिघडलेलं नव्हतं. चिप बरी, पट्टी बरी, सेन्सर बरा, हीटर बरा. वर्कशॉपात तशीच जुळी पेटी टेबलावर ठेवली होती, ती दिवसभर एका आकड्यावर बसून राहायची. तरी त्या एका खोलीत, रोज दुपारी, काहीतरी येत होतं आणि माझ्या आकड्यांना गदागदा हलवत होतं. ते काय आहे हे मला कळत नव्हतं, आणि त्याच्या मधोमध ते पोर झोपलं होतं.

शेवटी मी हार मानल्यासारखंच केलं. नवीन प्रोग्रॅम लिहिला. एकेक मोजणी दाखवण्याऐवजी पुष्कळ मोजण्यांची सरासरी काढायची आणि ती दाखवायची. उड्या आपोआप एकमेकीत जिरतात, आकडा थिर दिसतो. हे काही पाप नव्हे, सगळेच करतात. पण थरथरणाऱ्या माणसाला मिठीत घट्ट धरलं तर थरथर थांबते, ताप उतरत नाही, हे मला कळत होतं.

"लावून टाक ना," सिंधूताई म्हणाल्या. थर्मामीटर घेऊन दिवसरात्र बसून त्यांचे डोळे लाल झाले होते. "किती दिवस शोध करून राहिली तू! मला आकडा थिर पाहिजे, चारू. मी माणूस आहे, मला झोप पाहिजे."

त्यांना नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. मी पेटीचा स्विच बंद केला, मागचं झाकण उघडलं, जुनी चिप काढून टेबलावर ठेवली आणि नव्या प्रोग्रॅमची हातात घेतली.

"थांब, पेटी बंदच आहे तर ही वेळ साधून घेऊ," त्या म्हणाल्या. "प्रेमिलाला म्हटलं होतं, आज पोराला हात लावू देईन. वजन वाढलं त्याचं. ये गं, हात धुऊन ये."

प्रेमिला जणू दाराआडच उभी होती. तिनं कोपऱ्यातल्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. सफाईवाल्या मावशीनं नुकतीच फिनेलच्या पाण्यानं फरशी पुसली होती, ती अजून ओली होती. त्या ओल्या फरशीवरून ती अनवाणी आली. पुसायला दिलेलं फडकंही तिनं घेतलं नाही, इतकी घाई. नेहमीसारखी बोटं तिनं पेटीच्या कडेवर टेकवली, झटकन उचलली, आणि हसली.

इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "काय झालं?" मी सहज विचारलं.

"काई नाई बाई. झिणझिण्या आल्या."

"कुठे?"

"हाताले. रोजच येतात, पेटीले हात लावला का. सासूबाई म्हणतात, लेकरू मायले वळखते. आज तं भल्ल्याच येऊन राहिल्या." आणि आधारासाठी डावा पंजा परत कडेकडे नेत तिनं उजवा हात काचेच्या झडपेकडे नेला, बाळाकडे.

चिप माझ्या हातात होती. पेटी बंद होती. बंद पेटीत झिणझिण्या कुठून येतात? स्विच बंद केला की सगळ्या तारा तुटतात, एक सोडून. अर्थची तार, जमिनीत पुरलेली. ती कधीच तुटत नाही. ती लोखंडाला बांधलेली असते, कारण तिच्यात काही नसायला हवं.

"हात काढ!" मी किंचाळले. "प्रेमिला, हात काढ! कशालाच हात लावू नको!"

ती दचकली आणि दोन्ही हात छातीशी धरून मागे सरली. मी टेबलाखाली झेपावले, प्लग धरला आणि भिंतीतून उपटून काढला. आत बाळ जागं झालं आणि मांजरीच्या पिलासारखं बारीक रडायला लागलं. त्या रडण्यानं माझा जीव भांड्यात पडला. रडत होतं, म्हणजे होतं.

"चारू, डोकं फिरलं का तुझं?" सिंधूताई ओरडल्या.

मी मीटरची एक तार भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात खुपसली, अर्थच्या, आणि दुसरी बेसिनच्या नळाला लावली. तिथे काटा हलायलाच नको होता. काटा सरकत सरकत पाऊणशे व्होल्टच्या पुढे जाऊन थांबला. तो आकडा मी दोनदा वाचला.

भिंतीपलीकडून घरघर ऐकू येत होती. रोज ऐकू येत होती. मी सपाता फटफटत शेजारच्या खोलीत गेले. प्रेमिलाच्या खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर होता, पंखा जरा दमल्यासारखा फिरत होता. मी त्याचाही प्लग ओढला आणि परत येऊन मीटर लावला. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता.

कूलरचा प्लग मी तिथेच उभ्याउभ्या उघडला. एक तार बरोबर जागी होती. दुसरी, करंट परत नेणारी, न्यूट्रलच्या पिनेला असायला हवी. ती अर्थच्या मोठ्या पिनेला जोडलेली होती. नीट, स्क्रू घट्ट आवळून, काळजीपूर्वक.

"कूलर काहून बंद केला, मॅडम?" मागून आवाज आला. गोविंदा, हातात पाण्याची बादली. "हिले गरमीनं चक्कर येते. म्हणूनच तं गावाहून आणला."

"ही वायर कुणी जोडली?"

"मीच. इथलं न्यूट्रल गेलेलं होतं, कूलर चालतच नव्हता."

"मग?"

"मंग काई नाई. आमच्या वावरात न्यूट्रल गेलं का आमी जमिनीत सळई ठोकतो, वायर तिले जोडतो. मोटर चालते ना! विहिरीपाशी ओल राहते. करंटचा मार लागून राहिला तं बादलीभर पाणी टाकतो सळईवर." तो आणखी खुलासा करत होता, मला समजावून सांगितल्यासारखा. "इथं सळई नव्हती, पण ते मोठी पिन जमिनीचीच होय ना?"

होती. तेच तर होतं. ती तार मागच्या अंगणात जमिनीत पुरलेली होती, आणि अंगण मे महिन्यानं तडकलेलं. विहिरीकाठच्या चिखलात जो करंट मुकाट जिरतो त्याला इथे आत शिरायला वाट नव्हती. तो तारेत तुंबला, आणि तारेला बांधलेल्या प्रत्येक लोखंडावर चढला. माझ्या पेटीवरही. मोजणाऱ्या चिपचा शून्यही त्याच तारेला बांधलेला. शून्यच हलत असेल तर त्यावरून मोजलेला ताप कसा थिर राहणार? सकाळी कूलर बंद, आकडा शांत. वीज गेली, कूलर बंद, आकडा शांत. आम्ही डॉक्टर-इंजिनिअर रबरी सपातांत होतो, आम्हाला काही लागलं नाही. जे अनवाणी होते त्यांनाच लागलं.

हे सगळं मला नंतर इतकं नीट सुचलं. त्या क्षणी मी फक्त भ्यालेली होते, आणि मी भ्याले की काय होतं ते सांगितलंच आहे.

"तुम्ही मारलं असतं त्याला!" मी गोविंदावर ओरडले. "कळतं का तुम्हाला? हिचे हात ओले, पाय ओल्या फरशीवर. सेन्सरची तार पेटीला, सेन्सर पोराच्या पोटावर. हिनं पोराला हात लावला असता तर करंट पोरातून गेला असता! एवढा जीव त्याचा, राहिलं असतं काय त्यात?"

गोविंदाच्या हातातली बादली खाली टेकली. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आपण गप्प बसायला हवं होतं. पण निघालेलं परत घेता येत नाही. रुखमाबाई उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाईले गरमी होऊन राहिली म्हणून केलं ना वं त्यानं. मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम नाही केलं," मी म्हणाले.

प्रेमिला व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आपला डावा पंजा मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होती.

सिंधूताईंनी बोलावलेला देवाजी वायरमन सायकलवरून आला आणि डोक्याला हात लावून कामाला लागला. तुटलेलं न्यूट्रल शोधून जोडलं. कूलरचा प्लग नीट केला. अंगणातल्या अर्थच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतायला घेतलं. गोविंदानं त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि एकटाच ओतत राहिला. आता पुरे, असं देवाजीनं सांगितलं तरी ओतत राहिला. तोवर बाळ आजीच्या छातीशी कापसात होतं.

मी जुनीच चिप परत बसवली, एकेक मोजणी जशीच्या तशी दाखवणारी. कूलर पूर्ण जोरात लावला. पेटीच्या कडेपासून नळापर्यंत मीटर लावला: शून्य. रेझिस्टरचा आकडा जागच्या जागी. बाळाला आत ठेवलं, सेन्सर चिकटवला. छत्तीस पूर्णांक तीन. आम्ही बघत राहिलो. हलला नाही.

"झालं," सिंधूताई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकल्या. "ये गं प्रेमिला, आता लाव हात."

प्रेमिला दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. गोविंदा तर दाराबाहेर, हात पाठीमागे बांधून.

"या ना," सिंधूताई त्याला म्हणाल्या.

"मी नाई येत. माया हातानं काई होऊन जाईन."

मी त्यांना करंटचं सगळं गणित समजावून सांगू शकले असते. मीटर दाखवू शकले असते. पण मीटर मी पूर्वीही खूप दाखवले होते. मी सपाता काढल्या. मावशीला सांगून फरशीवर पाणी ओतून घेतलं, पेटीच्या पायाशी, चांगलं तांब्याभर. त्यात अनवाणी उभी राहिले. काटा शून्यावर आहे, हे मी स्वतः पाहिलं होतं. तरी पेटीपासून वीतभर अंतरावर माझा हात आपोआप थांबला. आयुष्यभर व्होल्टेज मोजत आले, पण ज्या लोखंडाकडे आम्ही एका आईला सपातांशिवाय पाठवत होतो त्याला उघड्या पायांनी हात लावायला मला किती भीती वाटते, ते तेव्हा कळलं. मग मी सबंध पंजा कडेवर ठेवला.

नुसतं लोखंड. बाकी काही नाही.

"बघा," मी म्हणाले. "आता तुम्ही."

गोविंदा आत आला. पाण्यात माझ्या शेजारी उभा राहिला. डोळे मिटून, दात आवळून त्यानं हात पुढे केला, जसा पोळलेला माणूस तव्याकडे नेतो. हात टेकला. तो तसाच उभा राहिला, मग एक डोळा उघडला, मग दुसरा.

"लागत नाई," तो म्हणाला. त्यानं दुसराही हात ठेवला, कडेवरून इकडून तिकडे फिरवला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. "नाई लागत! ए प्रेमिला, ये, इकडे ये. काईच नाई लागत!"

तिनं त्याच्या हाताशेजारी बोटं टेकवली. आपली नेहमीची, हलकी. मग पंजा टेकवला. आणि झिणझिण्यांची वाट पाहत राहिली. गोविंदा तिच्याकडे बघून हसत होता. आत बाळ झोपलं होतं, तोंड दुसरीकडे करून.

"हो," ती म्हणाली. "काईच नाई." आणि हात तिथेच ठेवून रडायला लागली.